जन्माचा पुरावा मागता? मग कोतवाल बुकाचे कपाट उघडा!

बारावीचे निकाल लागले की आर्वी-आष्टीपासून समुद्रपूर-हिंगणघाटपर्यंत वर्धा जिल्ह्याच्या आठही तहसील कचेऱ्यांत आमचे लोक दिसू लागतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत टी.सी., रेशनकार्ड, आधार कार्ड, आणि सोबत पास झालेली पोरगी नाहीतर पोरगा. कुणाला अनुसूचित जातीचा दाखला काढायचा असतो, कुणाच्या प्रकरणात जात पडताळणी समितीने त्रुटी काढलेली असते, कुणाच्या जन्म दाखल्यावर नावाचा रकाना कोराच असतो. खिडकीतला बाबू मान वर न करता एकच वाक्य बोलतो, "१९५० पूर्वीचा पुरावा आणा." बाप आजाचे नाव सांगतो, गाव सांगतो, मोहल्ला सांगतो. बाबूला त्याचे काय? त्याला कागद पाहिजे. आणि गंमत अशी की तो कागद बहुतेक वेळा त्याच बाबूच्या पाठीमागच्या खोलीत, फडक्यात बांधून, धूळ खात पडलेला असतो!

शासनाने पुरावा मागावा आणि तो पुरावा स्वतःच्याच कपाटात कुलूपबंद ठेवावा, याला कोणता न्याय म्हणायचा, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

आपला वर्धा जिल्हा १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत आजच्या महाराष्ट्राच्या कारभारात नव्हता. तो आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. इंग्रजी अमदानीपासून त्या प्रांतात खेड्यातल्या जन्ममृत्यूची वर्दी देण्याचे काम गावच्या कोतवालाकडे असे. कोतवाल वही घेऊन ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाई. गावात कोण जन्मले, कोण मेले, ते तोंडी सांगे आणि ठाण्यातला मुनशी लिहून घेई. तेच आपले कोतवाल बुक. तारीख, गाव, बापाचे नाव, मुलगा की मुलगी, आणि जात. कित्येक गावांत हा कोतवाल महारच होता. उन्हातान्हात, पुराच्या पाण्यातून कोसकोस चालत तो ती वही ठाण्यात नेई आणि परत आणी. त्या वहीत काय लिहिले ते त्याला वाचता येत नव्हते, कारण वाचणे त्याच्या वाट्याला येऊच दिले नव्हते. पण गावातल्या पाटलाच्या पोराची आणि स्वतःच्या पोराची नोंद त्यानेच एकाच पानावर करवून घेतली.

आज तेच पान आमच्या नातवंडांच्या कामी येते. का? कारण आमच्याजवळ दुसरा कागदच नाही. आजा शाळेत गेला नाही, म्हणून शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात त्याचे नाव नाही. जमीन नव्हती, म्हणून अधिकार अभिलेखात नाव नाही. घर गावाबाहेर, तेही दुसऱ्याच्या जागेत, म्हणून घरपट्टीची पावती नाही. बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' म्हणून लागले. ते पान जपले गेले, आणि २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातल्या एका ओळीचे मोल काय असते ते यावरून कळावे. पण पोराचे नाव शाळेत घालणारा सुभेदार रामजींसारखा बाप प्रत्येकाला कुठून मिळणार? आमच्या आजांची ओळ कोतवालाच्या वहीतच राहिली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख. त्या दिवशी संविधानाखाली अनुसूचित जातींचा आदेश निघाला, म्हणून त्याआधी आपले कुटुंब कुठे राहत होते आणि त्याची जात काय होती ते दाखवायचे. पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ चा अधिनियम क्रमांक २३. त्याच्या कलम ८ ने जात सिद्ध करण्याचा सगळा भार अर्जदारावर टाकला आहे. खोटा दाखला घेणाऱ्यास कैदेची शिक्षा आहे, आणि ती असलीच पाहिजे; आमच्या राखीव जागा खोट्या दाखल्यांवर किती जणांनी लुटल्या हे सर्वांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आपल्याच राज्यातल्या आनंद विरुद्ध पडताळणी समिती या प्रकरणात सांगितले की स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदाला पुरावा म्हणून अधिक वजन द्यावे. कोतवाल बुकाची नक्कल अशी वजनदार का ठरते ते आता ध्यानात यावे. भार आमच्यावर, वजन जुन्या कागदाला, आणि जुना कागद शासनाच्या ताब्यात!

मग माणूस अर्ज करतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, त्यावर तिकीट. पंधरा दिवसांनी ये, महिन्याने ये, रेकॉर्ड कीपर रजेवर आहे, बुक जीर्ण आहे, त्या वर्षाचे बुकच नाही. रोजी पाडून कारंजा घाडगेच्या टोकाच्या गावाहून आलेला माणूस तीन चकरांत थकतो आणि बाहेर बसलेल्या दलालाच्या हाती पैसे ठेवतो. आणि काय चमत्कार! न सापडणारे बुक दोन दिवसांत सापडते. असे घडताना आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिले आहे. कोणत्या कचेरीत ते सांगायची गरज नाही. वाचकांनी आपापली कचेरी आठवावी.

बुके जीर्ण झाली आहेत हे खरे. कागद हात लावला की तुटतो, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. मग त्यांची छायाचित्रे का काढली नाहीत? काढता येत नाहीत म्हणून? २०२३ च्या सप्टेंबरात राज्याने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी सगळी यंत्रणा कामाला लावली. जुने दप्तर बाहेर निघाले, मोडी वाचणारे बोलावले गेले, शाळांची रजिस्टरे, महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, कोतवाल बुके तपासली गेली. पन्नास लाखांवर नोंदी सापडल्याचे शासनानेच सांगितले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानेच्या पाने चढली. कुणाच्या खऱ्या नोंदीला आमचा विरोध नाही. ज्याची नोंद आहे त्याला ती मिळालीच पाहिजे. पण आमचे म्हणणे साधे आहे. कोतवाल बुकाच्या ज्या पानावर एका ओळीत कुणब्याच्या मुलाची नोंद आहे त्याच पानावर पुढच्या ओळीत महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या, गोंडाच्या मुलाची नोंद आहे. पान उलटणारा हात तोच, पानाचा फोटो काढणारा कॅमेरा तोच. एक ओळ शोधून यादीत घालायची आणि तिच्या खालची ओळ तशीच सोडायची, हे कोणते प्रशासन? मोठा मोर्चा निघाला की दप्तर उघडते आणि गरीब अर्जदार एकटा गेला की दप्तर जीर्ण होते, असाच याचा अर्थ घ्यायचा काय?

म्हणून आमची पहिली मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. वर्धा जिल्ह्यातील सर्व कोतवाल बुकांची, सर्व जातींच्या नोंदींसह, गाववार आणि वर्षवार छायाचित्रे काढावीत आणि तहसीलमध्ये कोणालाही पाहता येतील अशी ठेवावीत. कोणत्या गावाची कोणत्या वर्षांची बुके शिल्लक आहेत आणि कोणती नाहीत, याची यादी फलकावर लावावी. यादी लागली की निम्मी दलाली त्याच दिवशी बंद पडेल.

जिथे "नोंद आढळत नाही" असे उत्तर मिळते तिथे ते तोंडी घेऊ नका. लेखी मागा. बुक तपासले पण नोंद नाही, की बुकच नाही, हे स्पष्ट लिहून मागा; दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बुक नसेल तर ते केव्हापासून नाही, नष्ट केले असेल तर कोणाच्या आदेशाने, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारा. सार्वजनिक अभिलेखांसाठी महाराष्ट्राचा २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्यास त्यात कैदेची तरतूद आहे. हे दोन प्रश्न लेखी गेले की हरवलेली पुष्कळ बुके घरी परत येतात, असा वकिलीतला अनुभव आहे.

नक्कल मिळाली तरी लढा संपत नाही. कोतवाल बुकात बहुधा बाळाचे नाव नसते. अमुक बाप, गाव अमुक, जात महार, मुलगा झाला, एवढेच. समिती विचारते, हा मुलगा म्हणजे तुमचाच आजा कशावरून? दोन भाऊ असतील तर कोणता? बापाचे नाव एका जागी सीताराम, दुसऱ्या जागी शितऱ्या. आमच्या माणसांची नावे सन्मानाने लिहायची रीतच तेव्हा नव्हती, आणि त्या अवहेलनेचा दंड आज नातवाने भरायचा! अशा वेळी एकाच कागदावर विसंबू नये. आजाच्या भावंडांच्या नोंदी काढा. पणजाच्या मृत्यूची नोंद काढा, तीही त्याच बुकात असते. बापाच्या सख्ख्या चुलत्याचा, आत्याचा शाळेचा दाखला शोधा. वंशावळ शपथपत्रावर लिहा आणि प्रत्येक नावासमोर कोणता कागद आहे ते नोंदवा. घरात बापाच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर ती सर्वांत पुढे ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० च्या अपूर्वा निचळे प्रकरणात म्हटले आहे की ती वैधता फसवणुकीने मिळवलेली नसेल तर त्याच रक्ताच्या अर्जदाराला पुन्हा तीच परीक्षा द्यायला लावू नये. तरीही भावाला वैधता आणि बहिणीच्या प्रकरणात त्रुटी, असा प्रकार अजून घडतो.

इथे आपल्यातलाच एक वाद स्पष्ट बोलला पाहिजे. काही धम्मबांधव विचारतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे टाकून दिले ते शोधायला आम्ही तहसीलच्या अंधाऱ्या खोलीत का जायचे? घरात बौद्ध, शाळेत बौद्ध, आणि दाखल्यासाठी महार? ही वेदना खोटी नाही. नागपूरला जाऊन आलेल्या पिढीने अभिमानाने मुलांच्या दाखलखारीज रजिस्टरात 'बौद्ध' लिहिले, आणि त्याची किंमतही मोजली. महाराष्ट्रात सवलती राहिल्या, पण केंद्राच्या नोकरीत बौद्धाला अनुसूचित जातीचा हक्क १९९० पर्यंत नव्हता. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मिळाला. मधल्या तीन दशकांत किती तरुणांची केंद्राची नोकरी बुडाली त्याचा हिशेब कुणी ठेवला? तरीही आमचे मत पक्के आहे की कोतवाल बुकातला तो शब्द दाखवणे म्हणजे जातीत परत जाणे नव्हे. तो आपला धर्म नाही, आपली ओळख नाही. आपल्या आजाला या व्यवस्थेने कोणत्या खात्यात टाकले होते, याचा तो सरकारी शिक्क्याचा पुरावा आहे. कोर्टात मारल्याचा वळ दाखवणारा माणूस वळाचा अभिमान बाळगत नसतो. मुलाच्या दाखल्यावर धर्म बौद्ध लिहा, आजाच्या नकलेवर महार असू द्या; कायद्याच्या दृष्टीने दोन्ही एकत्र नांदतात.

जुन्या नोंदींचे हे झाले. पण आज जन्मणाऱ्या मुलांचे काय? आपण आजच हयगय केली तर पन्नास वर्षांनी आपली नातवंडे अशाच खिडकीसमोर उभी राहतील. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्यात जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले तर खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची, घरी झाले तर कुटुंबप्रमुखाची. आणि नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे, राहतो तिथे नाही! आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सासर देवळी, माहेर नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात, आणि पोराचा बाप पाच वर्षे देवळीच्या ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत दाखला शोधत फिरतो. नोंद कुठे? माहेरच्या गावात, नाहीतर ज्या दवाखान्यात बाळंतपण झाले तो ज्या ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या हद्दीत आहे तिथे. मोठ्या दवाखान्यात नाव घातले तर शहराच्या पालिकेत नोंद झाली असेल असे धरून चालू नये. दवाखाना गावाच्या हद्दीत असू शकतो. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्याने किती चपला झिजतात!

नावाचा दुसरा घोळ. नामकरण व्हायच्या आधीच नोंद होते, मग नाव लावायला कोणी परत जात नाही. नोंदीनंतर वर्षभरात नाव विनाशुल्क लावता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पंधरा वर्षे उलटलेल्यांसाठी राज्याने मुदत वाढवत वाढवत २७ एप्रिल २०२६ पर्यंत नेली होती. असे मुदतवाढीवर जगणे कशाला? बारशाच्या दिवशीच ग्रामपंचायतीत नाव देऊन या.

२०२३ मध्ये या कायद्यात मोठा बदल झाला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार अशा सगळ्या कामी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालणार. म्हणजे त्या तारखेनंतरच्या मुलाचा दाखला नसेल तर पुढे त्याची सर्वत्र अडवणूक होणार. त्याआधी जन्मलेल्यांना हा नियम लागू नाही. तरी काही कचेऱ्यांत साठ वर्षांच्या म्हातारीलाही "नवीन कायदा आला, जन्म दाखला आणा" म्हणून पिटाळले जाते. असे कोणी म्हटले तर नियम लेखी मागा.

वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होत असे. या दुरुस्तीने ते काम कोर्टातून काढून महसूल अधिकाऱ्यांकडे दिले. वाटले, गरिबाची कोर्टाची पायरी वाचली. झाले उलटेच. बांगलादेशी आणि रोहिंग्यांना खोटे दाखले दिले गेल्याचा आरोप झाला आणि २०२५ च्या जानेवारीत राज्याने उशिराच्या नोंदींचे काम थांबवले, विशेष तपास पथक नेमले. मार्चमध्ये नवे आदेश आले; पुराव्यांची यादी वाढली, पोलिसांचा अहवाल आला, पुराव्याशिवाय अर्ज करणाऱ्यावर फौजदारीचा इशारा आला. नोव्हेंबरात नुसत्या आधार कार्डावर दिलेले उशिराचे दाखले रद्द करण्याचे फर्मान निघाले. आधार हा जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही हे खरे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. खोटा दाखला देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला जरूर पकडा. पण जिल्ह्यातल्या पारधी बेड्यावर, वीटभट्टीवर, कापूस वेचणीच्या वाटेवर जन्मलेल्या माणसाने कोणता पुरावा आणायचा? त्याच्या जन्माला साक्षी होती ती सुईण मेली. शाळा त्याने पाहिली नाही. आईबाप मजुरीला गाव सोडून गेलेले. त्याच्याजवळ कागद नाही म्हणूनच तर तो उशिराची नोंद मागतो; आणि त्याच्याजवळ कागद नाही म्हणूनच त्याला संशयित ठरवायचे! चोर शोधण्यासाठी घेतलेल्या कंदिलाने गरिबाचीच झोपडी पेटवण्याचा हा प्रकार आहे. जन्माची नोंद ठेवणे हे राज्याचे काम होते. ते राज्याने केले नाही याची शिक्षा नागरिकाला देता येणार नाही.

यात सर्वांत जास्त भरडली जाते ती बाई. तिचा जन्म एका गावी, लग्न दुसऱ्या गावी, नाव बदललेले, आडनाव बदललेले. विधवा पेन्शनला वय सिद्ध कर, निराधार योजनेला वय सिद्ध कर. तिचे माहेरचे नाव ज्या बुकात आहे ते बुक तिला कोण दाखवणार?

म्हणून आमची दुसरी मागणी. उशिराच्या नोंदीचा अर्ज आल्यावर अर्जदाराला पुरावा आणायला पिटाळण्याआधी त्या तालुक्याच्या सर्व जुन्या नोंदवह्या कचेरीने स्वतः तपासाव्यात आणि तसा दाखला प्रकरणात लावावा. बेड्यांवर आणि वस्त्यांवर जाऊन महसूल व आरोग्य खात्याने शिबिरे घ्यावीत. नोंद नाकारायची असेल तर कारणांसह लेखी आदेश द्यावा. दुरुस्त कायद्यात निबंधकाच्या निर्णयावर तीस दिवसांत अपिलाची सोय आहे, पण लेखी आदेशच हाती नसेल तर अपील कशावर करायचे?

शासन ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर बुद्धविहारांनी हे काम हाती घ्यावे. पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक वही काढा. वस्तीतल्या प्रत्येक घराचे मूळ गाव कोणते, आजाचे आणि पणजाचे नाव काय, आजीचे माहेर कोणते, ते लिहून घ्या. सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना आधी विचारा. त्या गेल्या की कोतवाल बुकातला 'मुलगा' कोणता हे सांगणारे कोणी उरणार नाही. दहावी-बारावीची मुले त्या कामाला बसवा. एकेका तालुक्याचे अर्ज एकत्र करून एकाच दिवशी, उन्हाळ्यात निकालाआधी, तहसीलमध्ये द्या. एकट्या माणसाला बुक सापडत नाही, चाळीस जणांना सापडते.

अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नक्कल हाती आली की तिथेच उभे राहून गाव, तालुका, वर्ष, अनुक्रमांक आणि जात ही अक्षरे मूळ बुकाशी ताडून पाहावीत, अर्धवट शिक्का असेल तर पुन्हा मारून घ्यावा. एकाच अर्जावर दोन नकला मागाव्यात. एक समितीपुढे मूळ दाखवून परत आणायची, तिची झेरॉक्स त्यांच्याकडे राहील. दुसरी घरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, पत्र्याच्या पेटीत.